प्रकाश काचेत हळू चालतो

"बोटभर आणखी खणलं की पाणी आपोआप वळेल," रेडिओ म्हणाला. दगडावर बसल्या बसल्या तो मघापासून हेच सांगत होता.

"मग खण की बोटभर," खिळा म्हणाली. "जीभ जरा कमी चालव आणि खुरपं जरा जास्त."

सुट्टी लागल्यापासून तिघांनी हाच उद्योग मांडला होता. डोंगरातून उतरणारा ओहळ रस्त्याच्या कडेने वाहत होता. त्याचं थोडं पाणी वळवायचं, छोट्या कालव्यातून खालच्या खळग्यात सोडायचं आणि तिथे पत्र्याची पाणचक्की फिरवायची, असा बेत होता. बेत खिळ्याचा. तेरा वर्षांची ही मुलगी एकदा एखाद्या गोष्टीत घुसली की पकडीनेसुद्धा उपटून निघत नसे, म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. रेडिओ तिचा मावसभाऊ. त्याला ते नाव का पडलं हे कोणी विचारत नसे. त्याच्याजवळ थोडा वेळ बसलं की कळायचं. आणि खिळ्याचा धाकटा भाऊ सदोदित तिच्या मागे, म्हणून तो शेपूट.

एक पिवळी गाडी करकचून ब्रेक लावत त्यांच्याशेजारी थांबली. टिकाव-फावडी घेतलेले चार कामगार उतरले. त्यांच्यामागून हातात पेटीसारखं यंत्र घेतलेली एक तरुण ताई उतरली आणि सगळ्यांत शेवटी चकचकीत जाकीट घातलेले साहेब.

"सापडले," साहेब मोठ्या आवाजात म्हणाले. "रंगेहाथ सापडले."

मुलांनी मागे वळून पाहिलं. सापडण्यासारखं तिथे दुसरं कोणीच नव्हतं.

"कोण सापडलं?" शेपटाने विचारलं.

"तुम्ही. सकाळपासून वरच्या वस्तीतले सगळे फोन बंद आहेत, इंटरनेट बंद आहे. का, तर जमिनीखालची केबल तुटली आहे. आणि ती कुठे तुटली आहे? बरोबर इथे." साहेबांनी कालव्याच्या काठावर बूट आपटला. मोठ्या कष्टाने बांधलेला काठ पाण्यात ढासळला.

खिळा उठून उभी राहिली. गुडघ्यांपर्यंत चिखल होता, पण तिने तो झटकलासुद्धा नाही. "साहेब, आमचा कालवा वीतभर खोल आहे. केबल किती खोल असते?"

"छातीइतकी," यंत्रवाली ताई चटकन बोलून गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती गप्प झाली.

"ते मला शिकवू नका," साहेब म्हणाले. "इथे माती खचली असेल, केबल वर आली असेल. मी अंदाजाने बोलत नाही. मोजून बोलतो. ताई, सांगा यांना."

ताईने शेपटाला जवळ बोलावून केबलचा एक तुकडा दाखवला. काळ्या जाड वेष्टनाच्या आत केसाएवढे बारीक धागे होते. "हे काचेचे धागे. यांच्यातून आपले फोन, चित्रं, सगळं काही प्रकाशाच्या रूपाने धावतं. धागा तुटला की खालच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून या यंत्राने प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. तुटलेल्या टोकावर आपटून त्यातला थोडा प्रकाश परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते यंत्र सांगतं. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले ना, तर त्यातले वीस तुकडे लागले."

"म्हणजे जायला दहा," साहेब म्हणाले. "प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. मग अशा एका तुकड्यात तीनशे मीटर. दहा तुकड्यांत तीन किलोमीटर. आणि हा बघा एक्स्चेंजपासून तिसऱ्या किलोमीटरचा दगड." त्यांनी रेडिओ बसला होता त्या दगडाकडे बोट दाखवलं. रेडिओ तापल्या तव्यावर बसल्यासारखा उठला. "प्रकाश खोटं बोलत नाही, पोरांनो. आता संध्याकाळी आपापल्या घरच्यांना घेऊन एक्स्चेंजवर यायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर मी चौकीत तक्रार देणार."

रेडिओने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही न निघता ते मिटलं.

"आम्ही तोडली असती तर आत्ताच मागितली असती," खिळा म्हणाली. "जे केलंच नाही त्याची माफी मी मागणार नाही. संध्याकाळीही नाही आणि उद्याही नाही."

साहेब कामगारांकडे वळले. "खणा."

पहिला टिकाव त्यांच्या कालव्यातच पडला.

*

रेडिओची आई, म्हणजे खिळ्याची मावशी, वस्तीच्या चौकात एक छोटं दुकान चालवायची. लोकांचे अर्ज भरून द्यायचे, कागदांच्या प्रती काढायच्या, कोणाला तिकीट काढून द्यायचं. आज दुकानात संगणकाचा पडदा पांढराफटक पडला होता आणि बाकड्यावर माणसं जांभया देत बसली होती. मुलं पोचण्याआधीच बातमी पोचली होती.

"काय गं हे?" मावशी म्हणाली. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"आम्ही नाही तोडली."

"कंपनीचे साहेब यंत्राने मोजून सांगतायत, ते खोटं?"

"हो."

"हो काय हो? तोंड सांभाळून बोल. माफी मागून टाक आणि विषय संपव. चार शब्द बोललं तर जीभ झिजते का?"

"खोटे चार शब्द बोलले तर झिजते," खिळा म्हणाली.

तेवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घाईघाईने दारात आल्या. "लाइन आली का? तुमच्याकडेही नाही? एका आजोबांच्या छातीत दुखतंय. त्यांच्या हृदयाचा आलेख मोठ्या दवाखान्यात पाठवायचा आहे. तिथले तज्ज्ञ बघून सांगतील तसं औषध द्यायचं. फोनच लागत नाही. मी धीर धरलाय, पण दुपार उलटली तर त्यांना गाडीत घालून घाट उतरावा लागेल, आणि तो हादरा मला त्यांना द्यायचा नाही." उत्तराची वाटही न पाहता त्या परत फिरल्या.

आतापर्यंत खिळ्याला फक्त राग आला होता. आता तिच्या डोक्यात दुसराच विचार घुसला. साहेब चुकीच्या जागी खणत असतील, तर ते खणत राहणार, आणि तोवर आजोबा वाट पाहत पडून राहणार.

दुकानाच्या मागेच घर होतं. मावशीने तिघांना जेवायला बसवलं. खिळ्याने ताटाला हात लावला नाही. रेडिओचा आवाज आता परत आला होता. "मी सांगतो, गणित त्यांचं बरोबर आहे. मी तीनदा करून बघितलं. तीनशे गुणिले दहा, तीन हजार मीटर. चूक कुठेच नाही."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"तुझ्या. पण गुणाकार त्यांच्या बाजूने आहे."

शेपूट पाण्याच्या पेल्यात चमचा घालून खेळत होता. काचेचा पेला, त्यात अर्धं पाणी. "ताई, बघ," तो म्हणाला. "हा चमचा पण तुटला. पाण्याच्या बरोबर वरच. साहेबांना बोलवू का? म्हणतील, हापण तुम्हीच तोडलात."

रेडिओ खो खो हसला. खिळा हसली नाही. ती चमच्याकडे बघत राहिली. पाण्याबाहेरचा दांडा एकीकडे, पाण्यातला भलतीकडे. तिने चमचा बाहेर काढला. सरळ. परत आत घातला. तुटलेला.

"रेडिओ, चमचा असा का दिसतो? वर्गात शिकवलं होतं."

"प्रकाश वाकतो म्हणून. हवेतून पाण्यात जाताना."

"का वाकतो?"

"कारण पाण्यात त्याचा वेग..." रेडिओ थांबला. "कमी होतो."

"आणि काचेत?"

"काचेत तर आणखी कमी." रेडिओच्या हातातला घास हातातच राहिला. "अरे देवा. ते तीन लाख मोकळ्या अवकाशातले आहेत. हवेतही जवळपास तेवढेच. पण केबलमध्ये..."

"केबलमध्ये काच आहे," शेपूट म्हणाला. "मी पाहिली. केसाएवढी."

खिळा उठली. "म्हणजे प्रकाश हळू चालला. तेवढ्याच वेळात तो तीन किलोमीटर पोचलाच नसणार. त्याच्या आधीच कुठेतरी केबल तुटली आहे."

"आधी म्हणजे कुठे? काचेतला वेग आठवतोय तुला?"

"नाही. तुला?"

"मलाही नाही. आणि शोधायला इंटरनेट नाही." रेडिओने कपाळावर हात मारला. "आपण हे साहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, पोरं सुटण्यासाठी काहीही बरळतायत."

खिळा दारात थांबली. तिला त्या पिवळ्या गाडीची मागची बाजू आठवली. तिथे नव्या केबलचं एक भलंमोठं रीळ ठेवलेलं होतं, आणि त्याच्या लाकडी चाकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, लांबी एक किलोमीटर.

"आपल्याला वेग आठवायची गरजच नाही," ती म्हणाली. "आपण मोजू. त्यांच्याच यंत्राने."

ती सरळ दुकानात गेली. "मावशी, जिथे केबलसाठी खणतायत तिथे आम्ही जातोय."

"पाऊल बाहेर टाकायचं नाही."

"मी पळून जात नाही, तुला सांगून जातेय. साहेबांची मोजणी चुकली आहे. मी खोटी ठरले तर तिथल्या तिथे माफी मागेन. पण खरी ठरले तर डॉक्टरीणबाईंची लाइन लवकर येईल. तू रागाव, पण आत्ता अडवू नकोस."

बाकड्यावरची माणसं मावशीच्या तोंडाकडे बघू लागली. मावशीने एकदा पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या भाचीकडे. मग तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. "चल, मीही येते. माफी मागावी लागली तर शेजारी उभी राहायला कोणीतरी हवं."

*

तिसऱ्या दगडापाशी आता कालव्याचा मागमूसही उरला नव्हता. छातीइतका खोल चर रस्त्याकडेने लांबवर गेला होता. चरात काळी केबल दिसत होती, धडधाकट, कुठे ओरखडासुद्धा नाही. वस्तीतली आठ-दहा माणसं बघायला जमली होती. नर्सला आजोबांपाशी बसवून डॉक्टरीणबाईही येऊन उभ्या होत्या आणि सारखं घड्याळाकडे बघत होत्या.

"आणखी पुढे खणा," साहेब सांगत होते. "इथेच कुठेतरी असणार."

खिळा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाटेत तिने ठरवलं होतं, तुम्ही चुकलात असं म्हणायचंच नाही. म्हटलं तर ते ऐकणारच नाहीत.

"साहेब, मी माफी मागायला तयार आहे."

रेडिओने तिच्याकडे डोळे फाडून पाहिलं.

"शहाणी आहेस," साहेब म्हणाले.

"फक्त एक करा. तुमची मोजणी बरोबर आहे हे मला दाखवा. गाडीतल्या त्या रिळावर लांबी लिहिली आहे, एक किलोमीटर. त्याच्यातून प्रकाश सोडा आणि सकाळसारखाच हिशोब करा. बरोबर एक किलोमीटर आलं की मी इथे, या सगळ्यांसमोर माफी मागते. संध्याकाळपर्यंत थांबायलाही नको."

साहेबांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं त्यांना बरं दिसेना, आणि नाही म्हणायचं कारणही त्यांना दिसेना. "बघून घ्या सगळ्यांनी," ते म्हणाले. "ताई, लावा यंत्र."

ताईने रिळाचं टोक सोलून यंत्राला जोडलं. कळ दाबली. छोट्या पडद्यावर एक रेघ सरळ गेली आणि एका जागी टोकदार उंच झाली. ताई वाकून वाचू लागली. तिच्या भुवया वर गेल्या.

"वेळ सांगा," साहेब म्हणाले.

"जाऊन-येऊन दहा, साहेब."

"ऐका. जाऊन-येऊन दहा, म्हणजे जायला पाच. एका तुकड्यात तीनशे मीटर. पाच गुणिले तीनशे..." साहेब मोठ्या आवाजात बोलत होते. तो आवाज एकदम खाली आला. "पंधराशे."

"दीड किलोमीटर," रेडिओने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "एक किलोमीटरच्या रिळात दीड किलोमीटर केबल. कंपनीने अर्धा किलोमीटर फुकट दिली वाटतं."

कोणीतरी हसलं. साहेबांनी रिळावरची अक्षरं पुन्हा वाचली, जणू ती बदलतील. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

"यंत्र चांगलं आहे," खिळा म्हणाली. "प्रकाशही खोटं बोलत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तीन लाख हा त्याचा मोकळ्यातला वेग आहे. काचेत तो हळू चालतो. तुमच्या हिशोबात एक किलोमीटरचा दीड होतो. मग तीन किलोमीटर आलं, ते खरं किती?"

ताईने उत्तर दिलं. "दोन." तिने कपाळाला हात लावला. "नव्या यंत्रात हे आधीच भरलेलं असतं. हे जुनं, नुसता वेळ सांगतं. माझ्याही लक्षात आलं नाही. साहेब, आपण एक किलोमीटर पुढे येऊन खणतोय."

"लहान मुलांच्या सांगण्यावरून मी काम हलवणार नाही," साहेब म्हणाले. "आणखी थोडं खणू, मग बघू."

"मग बघायला माझा पेशंट थांबणार आहे का?" डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "लांबी तुमच्या रिळाने सांगितली, वेळ तुमच्या यंत्राने सांगितला. मुलीने फक्त विचारलं. गाडी चालू करा."

साहेब काही बोलायच्या आत मावशी आणि डॉक्टरीणबाई गाडीत चढून बसल्या होत्या. त्यांच्यामागे कामगारही चढले. चर खणून त्यांचे हात भरून आले होते.

*

दुसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी मुलं सायकलींवरून धापा टाकत पोचली. जमलेली माणसंही मागोमाग आली. रस्ता, कडेचं गवत, उतारावरची झाडं. खणल्याची खूण कुठेच दिसेना. गणित बरोबर होतं, पण जमीन काहीच कबूल करत नव्हती.

"इथे कोणी बोटही लावलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर परत आला होता.

"थोडं मागेपुढे असणार," ताई म्हणाली. "केबल थोडीच रस्त्याच्या बरोबरीने जाते? बघा इकडेतिकडे."

तिघं तीन दिशांना पांगली. रेडिओ उताराकडे गेला, खिळा वरच्या अंगाला. शेपूट पहिल्यांदाच तिच्या मागे न जाता दगडाच्या पुढे चालत गेला. हाक त्यानेच मारली.

"ताई, इथलं सिमेंट ओलं आहे."

झाडाच्या आडोशाला एक नवाकोरा लोखंडी खांब उभा होता. बुडाशी ओल्या सिमेंटचा गोळा, शेपटाच्या बोटाचा ठसा उमटलेला. खांबावर लाल रंगाची पाटी होती. खिळ्याने ती वाचली, आणि मग रेडिओने ती मोठ्याने, बातम्या दिल्यासारखी वाचली.

"सावधान. येथे जमिनीखाली केबल आहे. खोदू नये."

"हा खांब कधी रोवला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कामगारांचा मुकादम डोकं खाजवत साहेबांकडे बघू लागला. "आज सकाळीच. साहेब म्हणाले, झाडापाशी लावा, गाड्यांचा धक्का लागणार नाही. पहार जरा अडली होती. आम्हाला वाटलं, मूळ आहे."

"सकाळी मी संगणक सुरू केला तेव्हा चालत होता," मावशी म्हणाली. "अर्ज भरता भरता बंद पडला."

"पुरावा काय?" साहेब म्हणाले, पण ते आता खांबाकडे बघत नव्हते.

ताई गाडी घेऊन खाली एक्स्चेंजमध्ये गेली. तिने तिथून केबलमध्ये लाल प्रकाश सोडला आणि ती परत आली. तोवर कामगारांनी खांबाभोवतीची माती काढली होती. छातीइतक्या खोलीवर खांबाचं टोक होतं आणि त्याच्या एका अंगाला चेचलेली काळी केबल. ताई चरात उतरली. तिने वेष्टन हळूच सोललं, वरून दोन्ही हातांची सावली धरली आणि खिळ्याला म्हणाली, "ये. आधी तू बघ."

खिळा खाली उतरून वाकली. सावलीत, केसाएवढ्या तुटक्या टोकावर, एक लाल ठिपका तेवत होता. दोन किलोमीटर अंधारातून काचेच्या पोटातून आलेला उजेड तिथे येऊन थांबला होता. सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू येईल असं वाटलं. तिने ते गिळून टाकलं.

"सापडलं," ती म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, मावशीने पाहिलं, मुकादमाने पाहिलं. साहेबांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं.

ताईने चरातच छोटी पेटी मांडून धागे एकेक करून जोडायला घेतले. काम नाजूक होतं. शेवटचा धागा जोडून थोडा वेळ गेला आणि डॉक्टरीणबाईंच्या खिशातला फोन वाजला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा सैल होत गेला.

"माझ्या नर्सने आलेख पाठवलासुद्धा. तज्ज्ञांनी औषध सांगितलं. आजोबांना कुठेही हलवायचं नाही." त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "शिकलेली माणसं आम्ही, पण आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही की प्रकाश कशातून गेला. तुम्ही विचारलंत. शाबास."

"चमचा माझा होता," शेपूट म्हणाला.

मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि खिळ्याकडे वळली. "सकाळी मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं गं."

"दुपारी आलीस की," खिळा म्हणाली.

साहेब जाकिटाची चेन वरखाली करत जवळ आले. घसा खाकरून हलक्या आवाजात पुटपुटले, "माझं चुकलं. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

खिळ्याने मान वर केली. "सकाळी तुम्ही मोठ्याने बोलला होतात, साहेब."

मावशीने तिचा दंड दाबला, पण खिळा हलली नाही. साहेबांनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. मग छाती भरून श्वास घेतला.

"माझं चुकलं," ते म्हणाले, आणि ते उतारावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "केबल या मुलांनी तोडली नाही. माझ्या खांबाने तोडली. या मुलांनी ती शोधली, आणि मी त्यांना चोर ठरवलं होतं. मला माफ करा."

"ठीक आहे," खिळा म्हणाली. तिने मुकादमाच्या हातातलं फावडं घेतलं आणि साहेबांच्या पुढे धरलं. "आता वर चला. आमचा कालवा बुजलाय."

साहेबांनी एकदा फावड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग चकचकीत जाकीट काढून त्यांनी गाडीत टाकलं आणि बाह्या वर सारल्या.